थंड हवेतली सिरा: लेबल वाचण्यापासून ग्लासपर्यंत

सिरा आणि शिराझ हे एकच द्राक्ष. ऑस्ट्रेलियातल्या बरोसासारख्या उष्ण भागात त्याची वाइन दाट, पिकल्या फळाची, जॅमकडे झुकणारी होते. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यात मात्र तीच सडसडीत, आंबटसर असते आणि तिला काळ्या मिरीचा वास असतो. या वासासाठीच ती घ्यावी.

तिथल्या बाटलीवर ‘सिरा’ हा शब्द शोधत बसू नका, लेबलवर सहसा गावाचं किंवा परिसराचं नाव असतं. सुरुवात क्रोझ-एर्मिताज किंवा सँ-जोझेफने करा. त्यामानाने स्वस्त आणि लवकर पिण्याजोग्या. कोर्नास निव्वळ सिराची, तरुणपणी चांगलीच तुरट. कोत-रोतीमध्ये व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणून काही बाटल्यांना फुलांचा वास जास्त. मग बारीक अक्षरातलं अल्कोहोल बघा. १२.५ ते १३.५ टक्के असेल तर घ्या. १४.५ म्हणजे द्राक्षं उन्हात फार पिकलेली. तिथे मिरीची आशा कमी.

मिरीचा वास खराखुरा असतो. मिरीत असणारा रोटंडोन हा पदार्थ द्राक्षाच्या सालीतही तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ म्हणून तो दाखवून दिला. पिकताना हवा थंड आणि घड सावलीत असले तर तो जास्त साठतो. साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही, तेव्हा आपल्याला जाणवला नाही म्हणून बाटलीला नावं ठेवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा तापमानात होतो. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातल्या गार घरांचा. आपल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात झोंबतं आणि मिरी दबून जाते. सिरा १५ ते १७ अंशांना हवी. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत १२-१५ मिनिटं बुडवा. नुसता बर्फ नको. बाटलीला सगळीकडून पाणी लागलं तरच ती भराभर गार होते. फ्रिजमध्ये याला दोनेक तास लागतात. ग्लासात १०० मिलिलीटरच ओता, वर वास साठायला जागा राहते.

बाटली उघडताच सडक्या अंड्याचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर घाबरू नका. आंबवताना तयार होणारी गंधकाची संयुगं सिरात सहज राहून जातात. रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतून अर्धा-पाऊण तास ठेवा. तरी वास गेला नाही तर चिंचेने घासून, स्वच्छ धुतलेला तांब्याचा चमचा ग्लासात दहा सेकंद फिरवा: अंड्याच्या वासाचा वायू तांब्याला चिकटतो आणि दबलेलं फळ वर येतं. वाइन तांब्याच्या भांड्यात मात्र ठेवू नका. आंबटपणामुळे तांबं उतरतं. वास ओल्या पुठ्ठ्याचा असेल तर बूच खराब, त्यावर इलाज नाही. बाटली दुकानात परत न्या.

सोबत मटण उत्तम, पण तांबड्या रश्श्याचं नको. तिखटाने वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात. मिरी, लसूण आणि मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेल्या चापा करा, कडा जरा करपू द्या. उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी तरुण कोर्नास बहुधा जास्त मऊ लागते.