टू-स्ट्रोक शिकायचंय? आधी हवा कुठून शिरते ते शोधायला शिका

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स झाला तेव्हा मला वाटायचं इंजिन आपल्याला कळलं. पण तिथं सगळा भर फोर-स्ट्रोकवर, टू-स्ट्रोक दोन पानांत उरकलेलं. मग कोल्हापुरात उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे लागलो, त्यांच्याकडे यामाहाची आरएक्स १००, येझदी, राजदूत आणि मधूनच एखादी राजदूत ३५० यायची, आणि पहिल्या आठवड्यातच समजलं की आपल्याला पाने-पकड धरता येतात, बाकी सगळं शिकायचंय. आता या गाड्यांवर काम करून बारा वर्षं झाली. नवीन पोरं विचारतात कुठून सुरुवात करू, म्हणून हे लिहितोय.

नवीन पोरगा आला की पहिला हात कार्बोरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला घालतो. मीपण तेच करायचो. गाडी नीट आयडलिंगला थांबत नाही, फिरव स्क्रू. पिकअप नाही, बदल जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक). आणि याच सवयीपायी माझ्या हातून एका गिऱ्हाईकाचं इंजिन गेलं.

गाडी आरएक्स १००. १९८५ ला भारतात आली आणि १९९६ पर्यंत निघाली, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि अजून लोक तिच्यासाठी लाख-लाख रुपये मोजतात. गिऱ्हाईकाला आवाज पाहिजे होता म्हणून मी एअर फिल्टरचा डबा काढून बाहेरचा उघडा फिल्टर लावला, जेट मात्र कंपनीचाच ठेवला. त्यात थ्रॉटल सोडला तरी रेस पटकन खाली येत नव्हती, वरच रेंगाळायची. मी एअर स्क्रू आत घेतला, रेस खाली आली, गाडी देऊन टाकली. चार दिवसांनी तो रत्नागिरीहून येत होता, साखरप्याकडून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटलवर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक लॉक. त्यानं क्लच दाबला म्हणून वाचला. ते आठवलं की आजपण पोटात गोळा येतो.

टेंपोत घालून गाडी आणली, ब्लॉक उघडला. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंगा खाचेत चिकटून बसलेल्या, आणि ब्लॉकच्या भिंतीला पिस्टनचं अॅल्युमिनियम चांदीच्या वर्खासारखं लागलेलं. मिस्त्रींनी काही न बोलता वीज तयार करणारा मॅग्नेट काढला, त्यामागचं क्रँकचं रबरी सील बोटानं दाबून बघितलं, दगडासारखं कडक. "सील बघितलंस काय रे?" एवढंच विचारलं. नव्हतं बघितलं.

आता यातलं कारण नीट समजून घ्या, कारण टू-स्ट्रोकचं अर्धं शिक्षण यातच आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीत, ऑइल असतं. इथं क्रँककेस म्हणजे पंप आहे, पिस्टन वर गेला की त्यात हवा-पेट्रोल ओढलं जातं, खाली आला की ते दाबून ट्रान्स्फर पोर्टमधून वर जातं. म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं, क्रँककेसचा जोड, ब्लॉकखालचं पॅकिंग, रीड व्हॉल्व्हचं पॅकिंग, कार्बोरेटरचा रबरी जोड, यातलं एक जरी गळत असेल तर तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण लीन होतं, आणि लीन म्हणजे नुसतं पेट्रोल कमी नाही, वर उष्णता जास्त, आणि टाकीत ऑइल मिसळायची गाडी असेल तर पेट्रोलबरोबर येणारं ऑइल पण कमी. मी स्क्रू आत घेऊन आयडलिंगचं मिश्रण दाट केलं, गळती होती तिथंच राहिली. आणि फुल थ्रॉटलला तर तो स्क्रू कामाचाच नसतो. तिथं मेन जेट चालतो, आणि उघड्या फिल्टरमुळं तोही कमीच पडत होता.

आरएक्सला डाव्या हाताला मॅग्नेट आणि उजवीकडे क्लच. डावं सील गेलं की हवा शिरते, रेस रेंगाळते, गरम झाल्यावर आपोआप चढते. उजवं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. धूर बघून लोक पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल कमी करत बसतात, ते कधी करू नका.

गळती तपासायला मी एक साधं जुगाड केलंय. रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र घ्या, गोल काट्याचं, त्याचा फुगा आणि घड्याळ. एक्झॉस्टचं तोंड जुन्या ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करायचं, कार्बोरेटरच्या जागी रबरी बूच, त्यातून नळी. ऑइल पंपाची नळी येते ते भोक पण बंद करा, हे सगळे विसरतात. पिस्टन अगदी खाली आणा, प्लग घट्ट करा आणि काटा २५० पर्यंत चढवा, म्हणजे साधारण ५ पीएसआय झालं. पाच मिनिटं काटा जवळपास तिथंच राहिला तर इंजिन हवाबंद आहे. पडायला लागला तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा, बुडबुडे येतील तिथं गळती. सीलं बघायला मॅग्नेट काढावा लागतो, आळस करू नका.

हे पास झाल्याशिवाय मी जेट बदलत नाही.

मग कार्बोरेटर. थ्रॉटल जवळपास बंद असतो तेव्हा पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये सुई, त्यापुढं मेन जेट. थ्रॉटलच्या मुठीला आणि हाऊसिंगला चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा, म्हणजे गाडी कुठं अडखळते ते कळतं आणि त्याच भागाला हात लावता येतो. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते आणि मिश्रण दाट होतं, इथं सगळ्यांचा गोंधळ होतो. मेन जेट तपासायला मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटलला पळवा, क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद, बाजूला थांबून प्लग काढा. बिस्किटाच्या नाहीतर कॉफीच्या रंगाचा पाहिजे. पांढरा दिसला तर जेट वाढवा आणि तोपर्यंत जोरात पळवू नका. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्यामुळं मिश्रण आणखी लीन होतं, म्हणून जुना आकडा बरोबर असेलच असं धरू नका. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट बाउल रिकामा करा, इथेनॉल पाणी ओढतं.

आरएक्सचा ऑटोल्यूब पंप काढून टाकायचा सल्ला खूप जण देतात. मी ठेवतो. पंप क्रँकवरून फिरतो आणि थ्रॉटलच्या केबलनं ऑइल कमी-जास्त करतो, म्हणजे गरजेपुरतं देतो. फक्त पाइप काढला की त्यातली हवा काढायची आणि पुलीची खूण जुळवायची. बहुतेक जुन्या येझदींना पंप नाही, टाकीत मिसळावं लागतं, जुना हिशोब १ ला २५, म्हणजे लिटरला ४० मिली. मिसळणीच्या गाडीवर घाट उतरताना एक लक्षात ठेवा, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. मधून मधून थोडा थ्रॉटल देत उतरा.

ब्लॉक बोअरिंगला देताना नवा पिस्टन सोबतच द्या, त्याला मोजून बोअर मारायला सांगा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर, पिस्टन पिनच्या लॉक दरवेळी नव्या.

त्या आरएक्सचं बोअरिंग, पिस्टन, दोन्ही सीलं माझ्या पगारातून केली, तीन महिने कापून घेतले मिस्त्रींनी, आणि बरोबरच केलं. फिल्टरचा डबा परत बसवला. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, एकाच वेगाला न धरता, मध्ये थांबून थंड करत मीच चालवली. मग गिऱ्हाईक न्यायला आला तेव्हा किक मारून थ्रॉटल एकदा दिला आणि सोडला, रेस टपकन खाली आली.