जुन्या माउंटन बाइकच्या शॉकअपला घरगुती पार्ट बसवताय? या चुका टाळा

1990च्या दशकातल्या रॉकशॉक्स कंपनीच्या क्वाड्रा किंवा मॅनिटू कंपनीच्या चिमट्याचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपवाल्या फोर्कचं, वरचं बूच उघडलं, की आतून बहुतेक वेळा चिकट चिखल नाहीतर भुगा निघतो. तो मूळचा धक्के झेलणारा युरेथेनचा (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) गट्टू. नवा मिळत नाही म्हणून चांगला चिमटा भंगारात घालू नका, गट्टू घरी बनवता येतो.

फसगत होते ती नळीत घट्ट बसणारा भरीव रबराचा तुकडा घातल्यामुळे. भरीव रबर दाबलं तरी त्याचं आकारमान कमी होत नाही. उंची घटते तेवढं ते आडवं फुगतं. 20 मिमी व्यासाचा तुकडा उंचीत पाव भाग दाबला, तर जवळपास 23 मिमी होतो. नळीत तेवढी जागा नसली की चिमटा हलतच नाही. मूळ गट्टूत बहुतेक वेळा सूक्ष्म बुडबुडे असतात, दाब आला की ते मिटतात, म्हणून तो फारसा फुगत नाही. तसाच माल हवा असेल तर कारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फेसाळ युरेथेनचा बंप स्टॉप (गाडीच्या शॉकअपवरचा धक्का अडवणारा तुकडा) मागा. कापलेल्या बाजूवर बारीक छिद्रं दिसली, वजनाला हलका लागला, की घ्या. भरीव पीयू (युरेथेन) रॉडच मिळाला तर फुगायला जागा सोडून बारीक व्यासाचा घ्या, आखूड तुकडे करा आणि मध्ये वॉशर घाला.

लांबी जुन्या गट्टूवरून मोजू नका, तो वर्षानुवर्षं दबून आखूड झालेला असतो. नळीची आतली खोली मोजा.

गट्टूऐवजी स्प्रिंग वापरणारे ती कापून "नरम" करायला जातात. होतं उलटंच: अर्धी कापली की दुप्पट कडक. तार 3 मिमीऐवजी 3.3 मिमी घेतली तरी कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. गॅसवर तापवून तर मुळीच कापू नका, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा जातो. वेढे एकमेकांना टेकायच्या आत चिमट्याची पूर्ण चाल (तो दबतो ते अंतर) संपली पाहिजे.

साध्या पेट्रोलियम ग्रीसने काही रबरी सील फुगतात. सिलिकॉन ग्रीस लावा.

जोडणीआधी एक तपासणी मी कधीच सोडू देणार नाही. गट्टू न घालता चिमटा पूर्ण दाबा आणि टायर वरच्या क्राऊनला (दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागाला) लागतो का बघा. लागत असेल तर आत स्टॉपर (चाल अडवणारा तुकडा) हवाच, नाहीतर उतारावर चाक जागीच अडकेल. मग गट्टू घालून नळीला केबल टाय बांधा आणि सायकलवर अलगद बसा. 60 मिमी चाल असेल तर चिमटा 12 ते 15 मिमी दबला पाहिजे.

मागच्या शॉकअपला हाताला येईल तो बोल्ट नको. 8.8 ग्रेडचा (जास्त मजबूत) घ्या, आणि बुशच्या (बोल्ट ज्यातून जातो त्या नळकांडीच्या) आत त्याचा गुळगुळीत भागच राहू द्या. आटे आत गेले तर ते बुश खातात.

नळी वाकली किंवा क्राऊनला चीर दिसली, तर वेल्डिंगचा विचारही करू नका. सरळ साधा रिजिड (शॉकअप नसलेला) चिमटा बसवा. त्याची चाकाच्या आसापासून क्राऊनपर्यंतची उंची मात्र, जुना चिमटा माणूस बसल्यावर जेवढा उरायचा, तेवढीच घ्या.