टॅलीचा डेटा क्लाउडवर नेताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या अनेक टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा ऑफिसातल्या एकाच संगणकावर असतो आणि बॅकअप ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर. हार्डडिस्क गेली किंवा रॅन्समवेअर (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, की कोणत्या व्यापाऱ्याकडे किती उधारी आहे हेही सांगता येत नाही. तरीही मालक क्लाउडला नाही म्हणतात, कारण बऱ्याचदा पहिला प्रयत्नच फसलेला असतो.

तो फसतो बहुधा एकाच चुकीने. टॅलीचं चालू डेटा फोल्डर उचलून गुगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये, म्हणजे आपोआप क्लाउडवर चढत राहणाऱ्या फोल्डरमध्ये, ठेवलं जातं. टॅली एका व्हाउचरसाठी, म्हणजे एका व्यवहाराच्या नोंदीसाठी, अनेक फाइल्समध्ये लिहिते. सिंक त्यातली एक आत्ताची उचलतो, दुसरी दोन मिनिटांपूर्वीची. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, की कंपनी उघडताना एरर येतो. तीच कंपनी घरच्या संगणकावरही उघडी असेल, तर एकाच्या नोंदींवर दुसऱ्याच्या नोंदी बसतात. म्हणून डेटा फोल्डर सिंकच्या बाहेरच ठेवा. टॅली प्राइममध्ये संध्याकाळी काम थांबवून आल्ट आणि वाय एकत्र दाबून डेटा मेनू उघडा, मग बॅकअप, आणि फक्त ती बॅकअप फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये चढवा. ऑफिस आणि गोडाऊन दोन्हीकडून एकाच वेळी एंट्री करायची असेल, तर टॅली क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या संगणकावर, बसवणं सोयीचं. तिथे परवाना हलवण्याआधी जुन्या संगणकावरून तो सरेंडर करा, म्हणजे सोडवून घ्या. सिल्व्हर परवाना एकाच वापरकर्त्याचा असतो, दोघांना गोल्ड लागतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. रॅन्समवेअरने कुलूप लावलेली फाइलही तशीच वर चढते. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्कची वायर काढून ठेवा. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळवा. चालू कंपनीवर रिस्टोअर केलंत, तर मधल्या काळातल्या नोंदी जातील.

सर्व्हर घेतल्यावर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून सर्व्हर वापरण्याच्या सोयीचा) पोर्ट, म्हणजे दरवाजा, ३३८९ सगळ्या जगाला उघडा ठेवणं हे चोराला किल्ली देण्यासारखं आहे. पासवर्ड ओळखून पाहणारे प्रोग्रॅम असे पोर्ट दिवसरात्र शोधत असतात. व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतचा खासगी, बंदिस्त मार्ग) लावा, दुहेरी पडताळणी चालू करा. क्लाउडचं मुख्य खातं अकाउंटंटच्या मोबाइल नंबरवर काढू नका. त्याने नोकरी सोडली की ओटीपी त्याच्याकडेच जात राहतो.

बिल अचानक फुगण्याचं कारण साधं असतं: सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतो. महिन्याचे तास सुमारे ७३०. रोज १० तास, २६ दिवस काम धरलं तर लागतात २६०. तासावर बिल असेल तर वेळापत्रक लावून बाकीच्या वेळी सर्व्हर बंद ठेवा. डिस्कचं भाडं मात्र बंद असतानाही लागतं. खर्चाची मर्यादा ठरवून पहिल्याच दिवशी अलर्ट लावा.

'लाइट गेली तर काय?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. संगणकाला यूपीएस असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा तसेच राहतात. त्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याच क्षमतेचा छोटा डीसी यूपीएस घ्या. रस्ता खोदताना फायबर तुटते, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा. पहिल्यांदा डेटा चढवताना अपलोडचा वेग मोजा: १० एमबीपीएसला २० जीबी चढायला साडेचार तास लागतात. ते काम रात्रीच लावा.

डेटा परदेशी जाईल या धास्तीवर उपाय सोपा आहे. सर्व्हर घेताना मुंबई किंवा पुण्याचा रीजन (सर्व्हर जिथे ठेवलेला असतो तो भाग) निवडा. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

मासिक रिटर्न भरत असाल तर ११ आणि २० या जीएसटीच्या तारखांच्या तोंडावर स्थलांतर करू नका. २१ नंतरचा रविवार बरा. दोन्हीकडे एंट्री चालू ठेवू नका, जुनी प्रत फक्त पाहण्यापुरती ठेवा. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या) डिझाइन फाइल्सची एक प्रत क्लाउडवर असू द्या, पण मागाला लागणारी फाइल कारखान्यातच हवी. नेट गेलं म्हणून माग थांबता कामा नये.