पावनखिंडीच्या तयारीत पाय दुखतायत? या चुका टाळा

जून लागला की पहाटे कोल्हापुरात रंकाळ्यावर चालणारे एकदम वाढतात. निम्म्यांना जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंड गाठायची असते, १६६० सालच्या त्या रात्रीच्या वाटेनं. आणि दर वर्षी त्यातले काही जण पंधरा दिवसांत लंगडायला लागतात.

पहिली चूक माझीच सांगतो. सोमवार ते शनिवार खुर्चीत बसायचं आणि रविवारी उठून थेट जोतिबाचा डोंगर चढायचा. दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. दहा-बारा पावलं टाकली की दुखणं कमी व्हायचं, म्हणून मी 'जाईल आपोआप' म्हणत तसाच चालत राहिलो. तीच दुसरी चूक. तळव्यातला टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा दुखावला की नेमकं असंच होतं. अशा वेळी अंतर निम्म्यावर आणा. पोटऱ्या रोज ताणा, गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा आणि घरातल्या फरशीवर अनवाणी हिंडू नका. चालणं पूर्ण थांबवायची गरज सहसा पडत नाही.

मात्र हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, चालताना वाढत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर सराव बंद आणि आधी डॉक्टर. गोळी खाऊन चालणं म्हणजे वाजणाऱ्या घंटीवर उशी दाबणं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. आणि हो, आपल्या कोल्हापुरीचा अभिमान मलाही आहे, पण तो सपाट तळ लग्नाला ठीक, वीस किलोमीटरला नाही.

सगळ्यांत जास्त फसवतो तो कोरडा सराव. वाटेतल्या मसाई पठारावर जुलैत बूट कोरडा राहतच नाही. भिजलेली कातडी पांढरी, मऊ पडते आणि मोजा घासला की फोड येतो. म्हणून एकदा तरी मुद्दाम भर पावसात चाला, कुठं घासतंय ते इथंच कळू द्या. तिथं आधीच व्हॅसलीन किंवा चिकटपट्टी लावायची. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, एक जोड पिशवीत सुका ठेवा. बारका फोड फोडू नका. मोठा, चालू न देणारा असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या. मधुमेह असेल तर हा उद्योग घरी करायचाच नाही.

शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढायला जाऊ नका. उलट अंतर घटवा. निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा, आदल्या रात्री नाही.