चापडा ओळखताना या चुका टाळा

आंबोलीला पाऊस लागला की माझ्या मोबाईलवर सापांचे फोटो यायला लागतात. बहुतेक वरून काढलेले. फांदीवर एक वेटोळं, डोकं पानाआड, आणि खाली प्रश्न: "दादा, कुठला हा?" मलबारी चापडा, म्हणजे सह्याद्रीतला एक विषारी साप, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण या सापाने मलाही फसवलंय, त्यामुळे हल्ली मी उत्तराची घाई करत नाही.

रंगावर जाऊ नका

चापडा हिरवा असतो, पिवळसर असतो, तपकिरी असतो, विटकरी-नारिंगीही असतो, आणि हे सगळे एकाच जंगलात सापडतात. पाठीवरचे गडद नागमोडी पट्टे कधी ठळक, तर कधी शोधून काढावे लागतात. म्हणून 'हिरवा तो चापडा' हे जितकं चूक, तितकंच 'तपकिरी आहे, म्हणजे चापडा नव्हे' हेही.

हिरव्यात गोंधळ होतो तो हरणटोळाशी. तो खरं तर सोडवायला सोपा. हरणटोळ सुतळीसारखा बारीक, तोंड पुढे टोकदार आणि डोळ्यातली बाहुली आडवी. चापडा जाडसर, मान बारीक, डोकं रुंद, बाहुली उभी.

तपकिरी चापड्याशी मात्र मी स्वतः हरलोय. मोरीच्या कठड्याजवळ एक तपकिरी साप बसला होता. रुंद डोकं आणि उभी बाहुली पाहून मी सोबतच्या पोरांना बेधडक सांगितलं, "मांजऱ्या आहे." मांजऱ्या म्हणजे माणसाला फारसा धोका नसलेला, सौम्य विषाचा साप. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर डोळा आणि नाकपुडीच्या मधोमध एक खोलगट खाच! पोटात गोळाच आला, कारण 'मांजऱ्या' म्हटल्यावर आम्ही सगळेच नको तितके पुढे सरकलो होतो.

ती खाच म्हणजे भक्ष्याच्या अंगाची ऊब टिपणारं इंद्रिय. उंदीर अंधारात असला तरी सापाला त्याचा पत्ता लागतो. मांजऱ्याला ती नसते. शिवाय मांजऱ्याच्या डोक्यावर मोठे, फरशा बसवल्यासारखे खवले असतात, तर चापड्याच्या डोक्यावर बारीक खवल्यांची दाटी. 'त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी' हा नियम तर विसरूनच जा. नाग आणि मण्यार त्यात बसत नाहीत, आणि डिवचल्यावर डोकं चपटं करून दाखवणारे बिनविषारी सापही असतात.

खाच दिसली म्हणजे चापड्याच्या कुळातला साप, म्हणजे पिट व्हायपर, हे नक्की. पुढची प्रजात मात्र त्यावरून ठरत नाही. गोव्याच्या जंगलापासून दक्षिणेकडे जमिनीलगत एक छोटा, नाकाचा शेंडा वर उचललेला पिट व्हायपरही भेटतो. त्यालाही खाच असते, पण त्याच्या डोक्याच्या मागच्या भागावर मोठे खवले दिसतात.

फोटोवरून ओळख पटत नसेल तर

साप तोच असतो, फोटो चुकलेला असतो. वरून घेतलेलं वेटोळं जवळजवळ निरुपयोगी. हवा तो चेहरा बाजूने, डोळा आणि नाकपुडी दोन्ही स्पष्ट. मग डोक्याचा वरचा भाग, आणि जमलं तर अंगाची बाजू. फ्लॅश सरळ मारला की ओले खवले चकाकतात आणि नेमकी खाच त्या चकाकीत बुडते, म्हणून उजेड बाजूने द्या. चापडा बऱ्याचदा तासन् तास एकाच जागी दबा धरून असतो, तेव्हा लांबून झूम करायला वेळ भरपूर मिळतो. काठीने डोकं वळवायचं नाही. खवले मोजायला पकडायचं तर नाहीच. ते परवानगी असलेल्या अभ्यासकांचं काम.

जुनं नाव, चुकीचं गाव

जेर्डन या मद्रास फौजेतल्या डॉक्टरने १८५४ मध्ये या सापाला 'मलबारिकस' नाव दिलं. पुढे बरीच वर्षं तो ट्रायमेरेसुरस या वंशात (जवळच्या प्रजातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) राहिला, आणि तुमच्या कपाटातल्या पुस्तकात बहुधा तसंच छापलेलं असेल. २०२१ च्या अभ्यासानंतर तो क्रॅस्पेडोसेफॅलस मलबारिकस (जेर्डन, १८५४) झाला. तो कंस शोभेचा नाही. जेर्डनने हे नाव वेगळ्या वंशात दिलं होतं, हे त्यातून कळतं, त्यामुळे लेबल लिहिताना तो गाळू नका.

त्याच अभ्यासाने दुसरा धक्का दिला. केरळातल्या पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडचे चापडे वेगळे ठरले, आणि गुंथर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये दिलेलं 'अनामलेन्सिस' हे नाव त्यांच्यासाठी पुन्हा वापरात आलं. म्हणजे आंबोली, गोवा, आगुंबे इथला तो मलबारिकस. मुन्नारच्या चहाच्या मळ्यात दिसला, तर तो मलबारिकस धरायचा नाही. आपल्याकडची मंडळी मुन्नारला जातात, फोटो आणतात आणि इथलंच नाव चिकटवतात. मीही हेच केलं होतं.

बांबू चापडा ही वेगळी प्रजात. तिच्या 'ग्रॅमिनियस' या शास्त्रीय नावाचा अर्थ गवतासारखा. तेवढ्यावरून प्रत्येक हिरव्या चापड्याला ते नाव देणारेही भेटतात. तिथेही आधी चेहरा, मग ठिकाण.

ओळख चुकली तर काय बिघडतं?

आपल्या दवाखान्यांत मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनलेली आहे. चापड्याचं विष त्यात नाही. त्याच्या दंशाने जीव जाणं दुर्मीळ, पण आग होते, सूज चढते, कधी रक्त गोठण्यात बिघाड होतो. चापड्याला घोणस समजून, किंवा घोणसाला चापडा समजून डॉक्टरांना सांगितलं, तर उपचाराची दिशा चुकू शकते. दंश झाला की ओळख पटवत बसू नका, साप शोधायला परत जाऊ नका. हात-पाय न हलवता दवाखाना गाठा. लांबून काढलेला फोटो आधीच असेल, तर तो दाखवा.

परवा मुन्नारच्या फोल्डरमधली नावं बदलली. त्यात एक पिवळा चापडा आहे, सुंदर आलाय, पण कुठे काढला ते लिहायचं राहिलं होतं. त्याच्या नावाची जागा अजून कोरी आहे.