मुंगन्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळून घेण्याची रीत

पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या मातीच्या गावांत विहिरीचे पाणी इतके गढूळ होते, की गुंड भरून रात्रभर ठेवला तरी ते निवळत नाही. या मातीचे कण अतिशय बारीक असून त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, आणि सारख्या भारामुळे ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. शेवग्याच्या, म्हणजे आपल्याकडील मुंगन्याच्या, बियांत धनभारित प्रथिने असतात. प्रथिन हा लांब साखळीचा रेणू, म्हणजे पॉलिमरच होय. ही प्रथिने पाण्यात उतरली की मातीच्या कणांना चिकटतात, त्यांचा भार मोडतात आणि कणांचे पुंजके होऊन तळाशी बसतात.

बिया झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या शेंगांतील घ्याव्यात. कोवळ्या शेंगांतील बियांचा या कामी उपयोग होत नाही. टरफल काढून पांढरे दाणे खलबत्त्यात बारीक कुटावेत. सहा दाण्यांची पूड 300 मिलिलिटर स्वच्छ पाण्यात घालून, बाटली पाच मिनिटे चांगली हलवून ते पाणी सुती फडक्यातून गाळून घ्यावे. हे दुधाळ पाणी म्हणजेच अर्क; तो त्याच दिवशी वापरावा.

सर्वांत जास्त काळजी प्रमाणाची घ्यावी लागते. चार भांड्यांत प्रत्येकी एक लिटर गढूळ पाणी घेऊन त्यांत अनुक्रमे 25, 50, 75 आणि 100 मिलिलिटर अर्क घालावा, म्हणजे लिटरमागे अर्ध्यापासून दोन दाण्यांपर्यंतचे प्रमाण तपासले जाते. ज्या भांड्यातील पाणी कमीत कमी अर्कात निवळेल, तेच प्रमाण मोठ्या भांड्यासाठी धरावे. अर्क जास्त घातला तर पाणी अधिक स्वच्छ होईल, ही समजूत चुकीची आहे. प्रथिने गरजेपेक्षा जास्त झाली की कणांवर धनभार चढतो, ते पुन्हा एकमेकांना लोटू लागतात आणि पाणी गढूळच राहते. अकोला, बुलढाणा, अमरावतीकडील खारपाणपट्ट्यात पाण्यातील क्षार या भारांना झाकून टाकतात, त्यामुळे शेजारच्या गोड्या पाण्याच्या गावचे प्रमाण तेथे जसेच्या तसे न वापरता चाचणी नव्याने करावी.

अर्क घातल्यावर एक-दोन मिनिटे पाणी जोरात ढवळावे, म्हणजे प्रथिने सर्वत्र पसरतात. नंतर दहा-पंधरा मिनिटे अगदी हळू ढवळावे, कारण जोर दिल्यास तयार झालेले पुंजके फुटतात. त्यानंतर भांडे दोन तास मुळीच हलवू नये आणि वरचे पाणी गाळ न हलवता दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावे. तुरटीनेही पाणी निवळते, मात्र ती पाण्याची आम्लता वाढवते. मुंगन्याच्या बियांनी तसे होत नाही.

निवळलेल्या पाण्यात रोगजंतू राहू शकतात, म्हणून ते उकळूनच प्यावे किंवा त्यात क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकावी. विरघळलेले क्षार या रीतीने निघत नाहीत. यवतमाळ-चंद्रपूर भागांतील ज्या विहिरींत फ्लोराइड जास्त आहे, तेथील पाणी निवळल्यानंतरही पिण्यास अयोग्यच राहते. बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उरत असल्याने ते 24 तासांच्या आत संपवावे, आणि तळाचा गाळ परसातील झाडांना घालावा.