बेळगाव परिसरातून उपग्रह कसे पाहावेत आणि त्यांचे छायाचित्र कसे घ्यावे

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. जमिनीवर अंधार पडला तरी ४०० किलोमीटर उंचीवर ऊन असते आणि त्या उन्हात उजळलेला उपग्रह आपल्याला दिसतो. म्हणून दिवेलागणीनंतरचा आणि पहाटेचा सुमारे दीड तासच कामाचा. ठिपका लुकलुकत असेल किंवा लाल-हिरवे दिवे दिसत असतील, तर ते बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारे विमान समजावे.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करावी, कारण त्याच्याइतके ठळक दुसरे काही सहसा नसते. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपले गाव नोंदवून वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची पाहावी आणि ४० अंशांखालची फेरी (स्थानकाचा आकाशातून एकदा जाण्याचा प्रवास) सोडून द्यावी. स्थानक नेहमी पश्चिमेच्या अंगाने येऊन पूर्वेकडे जाते. संध्याकाळी ते पूर्वेला पृथ्वीच्या सावलीत शिरून भर आकाशातच मावळते, तर पहाटे सावलीतून अचानक प्रकट होते.

जागा निवडताना शहराचा उजेड कोणत्या बाजूला आहे, हे आधी पाहावे. जांबोटी परिसरातून बेळगावचा उजेड ईशान्येला दिसतो, त्यामुळे तेथे नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या फेरीपेक्षा वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी फेरी बरी. भीमगड अभयारण्यात रात्री शिरू नये. गावालगतचा माळ पुरेसा आहे. पावसाळ्यात या भागात आकाशच दिसत नाही, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील अमावास्येच्या आसपासचे दिवस धरावेत.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, रुंद कोनाची लेन्स एफ २.८ वर (म्हणजे छिद्र मोठे उघडून), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० आणि एक्सपोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) १५ ते २० सेकंद ठेवावे. एवढ्या वेळात सरकणारे स्थानक छायाचित्रात रेघेसारखे उमटते. फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने साधावा. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही (जिथे ही मापे हाताने ठरवता येतात) हे जमते. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्सपोजरमध्ये उमटणारे नको असलेले ठिपके काढण्याची कॅमेऱ्यातील सोय) मात्र आठवणीने बंद करावे. ते चालू असेल तर २० सेकंदांच्या प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून पडतो, आणि डोक्यावरून सेकंदाला सुमारे एक अंश सरकणारे स्थानक तोवर २० अंश पुढे गेलेले असते. रेघेत भलीमोठी फट पडते ती त्यामुळेच.

स्थानक चौकटीत येण्याच्या अर्धा मिनिट आधीपासून सलग छायाचित्रे घ्यावीत. हिवाळ्यात लेन्सवर दव बसते, ते मऊ कापडाने फेऱ्यांच्या मध्ये टिपावे. घरी आल्यावर स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही छायाचित्रे ‘लायटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू ठेवून) एकत्र केली की तुकड्यांची एक सलग रेघ होते.